गाढवाचं तेच दुखणं पुन्हा पुन्हा उलटतंय? शोध कुठून सुरू करायचा

औषध दिलं की गाढव चार दिवस बरं असतं आणि मग पुन्हा तेच. लंगडणं परत, पाठीवरची जखम परत, खाणं कमी होणं परत. गाढव सांभाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्या मागोमाग येणारा प्रश्नही ठरलेला: याहून जालीम औषध कुठलं? माझ्या मते इथेच वाट चुकते. गाढवाचं दुखणं उलटतं ते बहुतेक वेळा औषध कमजोर पडलं म्हणून उलटत नाही. जिथे दुखतंय तिथे उपचार होतात आणि दुखणं जिथून सुरू झालं ती जागा तशीच राहते. ती जागा तोंडातली एखादी दाढ असते, खुरातली फट असते, खोगिराची एक दोरी असते, ओला गोठा असतो किंवा मानेवर साठलेली चरबी असते. म्हणून खाली रोगांची यादी न देता, समोर जे दिसतं तिथून मुळापर्यंत कसं जायचं ते लिहितो आहे.

त्याआधी गाढवाचा एक स्वभाव नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गाढव दुखणं दाखवत नाही. पोटात कळ आली की घोडा लोळतो, पाय झाडतो, घामाने डबडबतो. त्याच दुखण्यात गाढव नुसतं गप्प उभं राहतं. मान जरा खाली, कान जरा सैल, बाकीच्यांपासून दोन पावलं लांब. बघणाऱ्याला वाटतं, आज शांत आहे. गाढवाच्या बाबतीत 'आज शांत आहे' हेच लक्षण, आणि ते दिसेपर्यंत आजार बऱ्यापैकी पुढे गेलेला असतो.

आधी रोजचं गाढव ओळखा

बिघाड शोधायचा तर चांगलं असताना ते कसं असतं हे माहीत हवं. विश्रांतीत असलेल्या प्रौढ गाढवाचं तापमान साधारण 37 अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला 44 च्या आसपास आणि श्वास 20 च्या आसपास असतो. ही सरासरी आहे. तुमच्या गाढवाचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, म्हणून ते धडधाकट असतानाच काही दिवस मोजून लिहून ठेवा. वेळ एकच ठेवा, कारण गाढवाच्या अंगाचं तापमान दिवसभरात बऱ्यापैकी खालीवर होतं, सकाळी कमी आणि दुपारी जास्त. तापमान गुदद्वारात थर्मामीटर ठेवून घ्यायचं. नाडी जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला बोटांना लागते. श्वास लांबून, कुशीची हालचाल बघून मोजायचा, म्हणजे जनावर बिचकत नाही.

याशिवाय दिवसाला लीद साधारण किती वेळा पडते, पाणी किती पितं, चारा टाकल्यावर सगळ्यात आधी कोण येतं, कोण कोणाशेजारी उभं राहतं, हेही नोंदवा. पुढे कधीतरी याच नोंदी तपासणीपेक्षा जास्त सांगून जातात.

खात नाही, किंवा खाल्ल्याचं सोंग करतंय

सगळ्यात जास्त वेळ मी या एका लक्षणावर घालवणार आहे, कारण गाढवं सगळ्यात जास्त फसवतात ती इथे, आणि जीवही इथेच जातो.

आजारी गाढव गव्हाणीपाशी येतं. तोंड चाऱ्यात घालतं, ओठ हलवतं, एखादी काडी ओढतं. लांबून बघितलं तर खातंय. जवळ जाऊन दहा मिनिटं थांबा. जबडा गोल फिरतोय का? दाढांखाली काड चुरडल्याचा करकर आवाज येतोय का? घास गळ्याखाली उतरताना दिसतोय का? ओठांची नुसती चाळवाचाळव असेल आणि गव्हाणीतला ढीग तेवढाच राहिला असेल, तर ते खात नाहीये. अनेक गाढवं एकत्र खात असतील तर हे कळायला फार उशीर होतो. शंका आली की त्याचा चारा वेगळा टाका, पण सोबत्याला नजरेआड करू नका.

गाढवाने खाणं सोडणं एवढं गंभीर का? उपाशी राहिल्यावर गाढवाचं शरीर साठवलेली चरबी भराभर रक्तात सोडतं. गरज भागल्यावर हा ओघ थांबायला हवा, पण गाढवांमध्ये तो आवरला जात नाही. रक्तात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढत जातात, यकृतात चरबी भरते, यकृत आणि मूत्रपिंडं काम सोडू लागतात. याला हायपरलिपीमिया म्हणतात. रक्ताचा नमुना थोडा वेळ उभा ठेवला की वरचं पाणी स्वच्छ दिसण्याऐवजी दुधाळ दिसतं. हे सगळं दोन-तीन दिवसांत घडू शकतं, आणि उशीर झाला की वाचवणं फार कठीण जातं. जाड गाढवं, माद्या, गाभण आणि दूध पाजणाऱ्या गाढवी, म्हातारी गाढवं यांना धोका जास्त. म्हणजे जे गाढव बघून 'याच्या अंगावर चार दिवस पुरेल एवढं आहे' असं वाटतं, त्याच्याचकडे सगळ्यात कमी वेळ असतो.

म्हणून एक नियम डोक्यात पक्का ठेवा: दिवसभर नीट न खाल्लेलं गाढव हे तातडीचं प्रकरण आहे. उद्यापर्यंत वाट बघायची नाही. पशुवैद्याला बोलवा आणि रक्तातली चरबी तपासायला सांगा.

तोपर्यंत काय करायचं? जे खाईल ते द्या. झाडपाल्याची कोवळी फांदी, हातात धरलेलं ताजं गवत, किसलेलं गाजर, पुदिन्याचा वास लावलेला ओला कोंडा. कित्येकदा गव्हाणीकडे ढुंकून न बघणारं गाढव दोरी धरून कुंपणाकडेला फिरवलं की दोन घास ओरबाडतं. थोडं थोडं, पण सतत समोर हवं. मात्र बाटलीने किंवा नळीने स्वतः काहीही घशात ओतू नका. ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि मग दोन आजारांशी झुंजावं लागतं.

आता मूळ शोधायचं. हायपरलिपीमिया बहुतेक वेळा दुसऱ्या कशाच्या तरी मागून येतो. आधीचं दुखणं सापडलं नाही तर या वेळी वाचलेलं गाढव पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच येऊन उभं राहील. मी या क्रमाने बघतो.

पहिलं तोंड. गाढवाचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला 2 ते 3 मिलिमीटर, आणि चघळण्याने तेवढेच झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने झीज सगळीकडे सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होतात, गालाला आणि जिभेला कापतात. वय वाढलं की दाढांमध्ये फटी पडतात, त्यात चारा अडकून कुजतो, आणि ते फार दुखतं. बाहेरून दिसणाऱ्या खुणा अशा: गव्हाणीपाशी अर्धवट चघळून टाकलेले चाऱ्याचे ओले गोळे, तोंडाला घाण वास, गालात साठून राहिलेला चारा, लिदीत लांब लांब न चुरडलेल्या काड्या, एकाच नाकपुडीतून येणारा दुर्गंधीचा स्राव. पुढचे दात बघून काहीच कळत नाही. दाढा बघायला गुंगीचं इंजेक्शन, तोंड उघडं ठेवणारा जबडा-आकडा आणि बॅटरी लागते, त्यामुळे हे काम पशुवैद्याचंच. वर्षातून एकदा दात तपासायलाच हवेत, म्हाताऱ्या गाढवाचे दोनदा. एका बैठकीत फार घासून घेण्याचा आग्रह धरू नका. वर्षानुवर्षं वाढलेला दात थोडा थोडा करून कमी करावा लागतो.

ज्यांच्या दाढा झिजून संपल्यात त्यांना लांब काड चघळता येत नाही. त्यांना बारीक कापलेला किंवा भिजवून मऊ केलेला चारा द्यावा लागतो, आणि तो कायमचा. मध्येच 'आता बरंय' म्हणून लांब काडावर आणलं की पोटात गोळा होऊन बसतं. वारंवार पोट गच्च होणाऱ्या गाढवाचे दात आधी बघावेत. न चुरडलेला चारा मोठ्या आतड्याच्या वळणावर अडकणं हे गाढवाच्या पोटदुखीचं नेहमीचं कारण आहे.

दुसरं पोट. लीद कमी, कोरडी, बारीक किंवा चिकट पडद्याने गुंडाळलेली असेल तर पोटाकडे लक्ष द्या. पाणी बघा. गाढव पाण्याच्या बाबतीत चोखंदळ असतं. हौदात शेवाळं किंवा लीद पडलेली असेल तर ते तहानेलं राहील पण पिणार नाही. शिवाय शरीरातलं पाणी कमी झालं तरी गाढव ते रक्तात लवकर दिसू देत नाही. रक्त घट्ट झाल्याची तपासणी बरीच उशिरापर्यंत ठीक येते, म्हणून 'रिपोर्ट चांगला आहे' यावर विसंबू नये. मोकळं चरणारं गाढव प्लास्टिकच्या पिशव्या आणि सुतळ्या खातं, त्याने आतडं तुंबतं. वाळूवर चारा टाकला तर वाळूही पोटात जाते.

तिसरं मन. हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल, पण गाढवांच्या जोड्या घट्ट असतात. सोबती विकला, मेला किंवा उपचारासाठी दुसरीकडे नेला की मागे राहिलेलं खाणं सोडतं. दवाखान्यात न्यायचं तर दोघांना न्या. एक मेलं तर दुसऱ्याला त्याच्या शेजारी थांबू द्या. हुंगून, धडकून, शेवटी आपणहून ते बाजूला होतं, आणि त्यानंतर शोधत फिरण्याचं प्रमाण खूपच कमी होतं. पुढचे दोन-तीन आठवडे त्याच्या खाण्यावर रोज नजर ठेवा.

प्रवास, जागाबदल, अचानक बदललेला चारा आणि जाड गाढवाला एकदम उपाशी ठेवून बारीक करण्याचा प्रयत्न हीदेखील नेहमीची कारणं. वजन उतरवायचंच, पण हळूहळू, काही महिन्यांत.

पुन्हा पुन्हा लंगडतंय

गाढवाचं मूळ ईशान्य आफ्रिकेतल्या कोरड्या, खडकाळ मुलखातलं. त्याचा खूर घोड्यापेक्षा लहान, उभट आणि पाणी सहज शोषणारा. खडकावर तो आपोआप झिजतो. मऊ, ओल्या जमिनीवर झिजत नाही, उलट भिजून मऊ होतो. निम्मी दुखणी इथूनच उगवतात.

एकाएकी पाय टेकवेनासा झाला तर बहुधा खुरात पू झालेला असतो. हात लावून बघा. खुराच्या वरचा जो पहिला मोठा सांधा, त्याच्या मागच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, बोटांची टोकं हलकेच टेकवा. निरोगी पायात तिथला ठोका शोधावा लागतो, कधी सापडतही नाही. खुरात पू किंवा दाह असेल तर तो बोटांवर चक्क आपटतो. चारही पाय असे तपासा, मग खुराच्या भिंतीवर तळहात ठेवून कुठला खूर जास्त गरम आहे ते बघा. चांगल्या दिवशी हा सराव करून ठेवला नसेल तर वाईट दिवशी काही कळणार नाही.

पू बाहेर काढायला वाट करून द्यावी लागते. ते नालबंदाने किंवा पशुवैद्याने करायचं. मग पोटीस, स्वच्छ पट्टी, कोरडी जागा, आणि धनुर्वाताची लस झाली आहे की नाही याची खात्री. घोडा, गाढव, खेचर यांना धनुर्वात फार चटकन होतो आणि खुरातली जखम ही त्याची आवडती वाट आहे.

आता उलटण्याचा प्रश्न. दर वेळी एकाच खुरात, एकाच जागी पू होत असेल तर तिथे आत पोकळी आहे. खुराची बाहेरची भिंत आणि तळवा जिथे जुळतात त्या रेषेत फट पडते, तिच्यात माती आणि जंतू शिरतात, आणि भिंतीच्या आतून वर वर भुसभुशीत पोखरण होत जाते. वरून खूर धड दिसतो. ही पोखरण नुसती धुऊन जात नाही. सैल झालेली भिंत निरोगी भागापर्यंत कापून उघडी करावी लागते. नवी भिंत वरून खाली वाढून यायला कित्येक महिने जातात, तोवर तो खूर कोरडा आणि स्वच्छ ठेवावा लागतो. इथे धीर सुटतो आणि लोक मध्येच सोडून देतात.

पू कधी या खुरात, कधी त्या खुरात होत असेल तर माझा संशय लॅमिनायटिसवर जातो. खुराच्या आतलं हाड भिंतीला धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, पकड ढिली होते, आणि मग फटी, पू, वाढलेल्या टाचा अशी साखळी सुरू होते. लॅमिनायटिस झालेलं गाढव नेहमीच लंगडत नाही, कारण दोन्ही पाय सारखेच दुखतात. ते जास्त बसून राहतं, उभं असताना वजन या पायावरून त्या पायावर घेत राहतं, कडक जमिनीवर वळायला कुरकुरतं. जवळून बघितलं तर खुरावरच्या आडव्या वळ्या टाचेकडे पसरत गेलेल्या दिसतात. एक्स-रे काढून घ्या. आतलं हाड किती सरकलंय हे कळल्याशिवाय खूर कसा साळायचा ते ठरवता येत नाही. आणि गाढवाचा एक्स-रे घोड्याच्या मापाने वाचू नये, कारण गाढवाचं हाड मुळातच खुरात थोडं खाली बसलेलं असतं.

लॅमिनायटिसचं मूळ बहुधा चाऱ्यात सापडतं. गाढवाचं पोट निकस, काडीदार चाऱ्यावर चालायला बनलेलं आहे. रोजचा कोरडा चारा वजनाच्या 1.3 ते 1.7 टक्के पुरतो, म्हणजे 180 किलोच्या गाढवाला साधारण सव्वादोन ते तीन किलो. त्यातला मोठा वाटा काडाचा असावा. हिरवंगार लुसलुशीत गवत, धान्य, गोड पेंड यांनी आधी चरबी चढते आणि मग खूर जातात. मानेच्या वरच्या कडेवर हात फिरवा. ती कडा जाड, घट्ट आणि एका बाजूला कललेली असेल, पुठ्ठ्यावर चरबीच्या गाठी लागत असतील, बरगड्या दाबूनही लागत नसतील, तर खुरांचा उपचार गव्हाणीतून सुरू करावा लागेल. म्हाताऱ्या गाढवात चारा बेताचा असूनही लॅमिनायटिस उलटत असेल आणि अंगावरचे लांब केस गळायच्या दिवसांत गळत नसतील, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराची तपासणी करून घ्यावी.

खूर साळण्याचं वेळापत्रक 6 ते 10 आठवड्यांचं. वाढल्यावर बोलावू असं म्हटलं की प्रत्येक खेपेला नालबंदाला एकदम खूप कापावं लागतं आणि गाढव चार दिवस पाय धरून बसतं. नालबंद फक्त घोड्यांवर काम करणारा असेल तर त्याला आधी सांगा की हा खूर उभट असायचाच, घोड्याच्या कोनात आणू नका. खुराच्या तळव्याच्या मधला मऊ त्रिकोणी भाग रोज खरवडून साफ करा. तिथे काळा, घाण वासाचा लगदा दिसला तर गोठा ओला आहे.

पाठीवरची जखम भरते आणि पुन्हा उघडते

इथे मलमावर चर्चा करणं म्हणजे वेळ घालवणं. घासणारी किंवा दाबणारी वस्तू तशीच असेल तर कुठलंही मलम हरणार.

काम संपल्यावर खोगीर आणि गादी लगेच उतरवा आणि केस बघा. सगळी पाठ घामाने ओली आणि मध्येच एखादी जागा कोरडी असेल तर तिथे दाब इतका पडतोय की घामसुद्धा सुटत नाही. उद्याची जखम तिथे आहे. केस विस्कटलेले किंवा तुटलेले असतील तर तिथे घासतंय. पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे तिथे पूर्वी कातडी दबून मेली होती. मग गादी उलटी करून त्याच जागेवर बोटं फिरवा. गाठ, शिवण, वाळलेल्या घामाचा कडक थर, आत गोळा झालेला भराव, काहीतरी सापडतंच.

ओझं मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर यायला हवं. मणक्यावर मोकळी पन्हळ राहिली पाहिजे. दोन्हीकडचं वजन सारखं हवं, नाहीतर खोगीर एका बाजूला ओढलं जाऊन दुसऱ्या बाजूची कडा रुतते. गाढवाच्या मानेमागचा उंचवटा घोड्यासारखा ठळक नसतो, म्हणून खोगीर पुढे सरकतं. ते आवरायला तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळत जायचं नसतं, त्याने छातीखाली जखम होते. शेपटीखालून जाणारा पट्टा रुंद आणि मऊ असावा. नायलॉनची बारीक दोरी कातडीला थेट लागता कामा नये, कुठेच.

जखम धुवायला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ एवढं पुरतं. वाहतं पाणी सोडून घाण काढा. जळकं तेल, राख, बॅटरीचं पाणी यांनी जखमेतल्या जिवंत पेशी मरतात आणि भरायला उलट वेळ लागतो. अळ्या झाल्या असतील, जखम खोल असेल किंवा मणक्याजवळ पू साठला असेल तर पशुवैद्य हवाच. आणि विश्रांती. खपली धरली म्हणजे कातडी तयार झाली असं नाही. तिच्यावर केस येऊ लागेपर्यंत त्या जागी काहीही टेकवू नका. रोजीरोटी त्या जनावरावर असते हे मला माहीत आहे, पण अर्धवट भरलेल्या जखमेवर गादी ठेवल्याने पुढे जास्त दिवस काम बंद राहतं.

खोगीर लागत नाही अशा जागी, महिनोन्महिने न भरणारी जखम असेल तर ती साधी जखम नसण्याची शक्यता मोठी. माश्यांच्या दिवसांत दर वर्षी उघडणारी, आत पिवळट खरखरीत कण असलेली जखम माश्यांनी आणलेल्या हॅब्रोनेमा जंतांच्या अळ्यांची असते. तिला जंताचं औषध आणि माश्यांपासून बचाव लागतो. चामखिळीसारखी, गाठीसारखी किंवा मांस वर आल्यासारखी दिसणारी जागा सारकॉइड असू शकते. हा कातडीचा ट्यूमर, गाढवाघोड्यांत सगळ्यात जास्त आढळणारा. दोरा बांधून किंवा ब्लेडने काढायला गेलात तर तो आणखी चवताळून वाढतो. लहान असतानाच दाखवा.

खाजवतंय, केस जातायत

गाढवाचे केस पावसात लवकर भिजतात आणि पाणी कातडीपर्यंत पोचतं. डोक्यावर छप्पर नसेल तर पाठीवर खपल्या धरतात. खपली ओढली की केसांचा झुबका मुळासकट हातात येतो आणि खाली ओलसर गुलाबी कातडी दिसते. याला कोरडं ठेवणं हाच मुख्य उपचार.

थंडीत लांब केस वाढल्यावर उवा होतात. मान आणि शेपटीच्या मुळाशी उजेडात केस दुभागून बघा. पिवळट उवा हलताना दिसतात, लिखा केसांना चिकटलेल्या असतात. औषधाने लिखा मरत नाहीत, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी खेप द्यावीच लागते, आणि एकाच वेळी सगळ्या गाढवांना. बहुतेकांच्या उवा परततात त्या ही दुसरी खेप चुकल्यामुळे, किंवा 'त्याला खाज नाही' म्हणून सोबत्याला वगळल्यामुळे. पाय आपटणं आणि पायांच्या खालच्या भागात खपल्या असतील तर खरजेचे किडे शोधा. ऐन उन्हाळ्या-पावसाळ्यात आयाळ आणि शेपूट घासून घासून रक्त काढत असेल तर बारीक चिलटांची ॲलर्जी. पहाटे आणि संध्याकाळी जाळीच्या आत ठेवल्याने सगळ्यात जास्त फरक पडतो. गोल गोल केस गेलेले चट्टे गजकर्णाचे असू शकतात आणि ते माणसालाही लागतं, तेव्हा हातमोजे घाला.

जंत आणि खोकला

जंताचं औषध ठराविक तारखेला डोळे मिटून देत राहिलं की जंतांना त्याची सवय होते. लिदीतली अंडी मोजून घ्या आणि गरज असेल त्यालाच द्या, वजनाप्रमाणे पुरेपूर. कमी मात्रा ही सगळ्यात वाईट, कारण दणकट जंत तेवढे मागे उरतात. चरायच्या जागेतली लीद आठवड्यातून दोनदा उचलली तर औषधाची गरजच घटते. गाढवाच्या फुप्फुसात राहणारा एक जंत त्याला स्वतःला फारसा त्रास देत नाही, पण एकत्र चरणाऱ्या घोड्याला तोच खोकून बेजार करतो. घोडा खोकत असेल तर लीद गाढवाची तपासा.

धुळकट चाऱ्याने येणारा खोकला चारा झटकून किंवा पाणी मारून दिल्यावर कमी होतो. ताप, नाकातून घट्ट स्राव, जबड्याखाली गाठी असतील तर त्या जनावराला लगेच वेगळं करा, त्याची बादलीही वेगळी. नाकाच्या आत व्रण, पिवळा चिकट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा माणसाला होणारा आणि जीवघेणा आजार आहे. त्या जनावराला उघड्या हाताने शिवू नका, स्वतः औषध करू नका, ताबडतोब पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

दुसऱ्या जनावराचं औषध, दुसऱ्या जनावराचं खाद्य

गाईंच्या किंवा कोंबड्यांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. त्याची थोडी मात्राही गाढवा-घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारते. उरलेलं खाद्य संपवायला म्हणून गाढवापुढे टाकू नका. गोचिडांसाठी गुरांना लावतात ते ॲमिट्राझ गाढवाला लावलं तर आतड्यांची हालचाल मंदावून पोट गच्च होतं. पोटदुखी सुरू झाल्यावर आदल्या आठवड्यात काय फवारलं होतं हे कोणी विचारत नाही, तुम्ही आपणहून सांगा.

वेदनाशामकांचंही तसंच. फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन यांसारखी औषधं गाढवाच्या शरीरातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात. घोड्याच्या हिशेबाने दिवसातून एकदा दिलं तर संध्याकाळपर्यंत दुखणं परत येतं आणि 'औषध लागू पडत नाही' असा समज होतो. मात्रा आणि वेळा स्वतः वाढवू नका, पण हा प्रश्न पशुवैद्याला जरूर विचारा. वजनाचा अंदाजही घोड्यासाठी बनवलेल्या टेपने घेऊ नका, गाढवाचा बांधा वेगळा असल्याने तो चुकतो.

डोळा मिटलेला, पाणी गळणारा किंवा निळसर झालेला दिसला तर त्याच दिवशी दाखवा. घरात असलेले स्टेरॉइडचे थेंब टाकू नका. बुबुळावर जखम असेल तर त्याने डोळा जातो.

पशुवैद्याला फोन करताना 'गाढव आजारी आहे' एवढंच सांगू नका. शेवटचं नीट कधी खाल्लं, लीद कधी आणि कशी पडली, पाणी प्यायलं का, तापमान, नाडी आणि श्वास किती, रोजच्यापेक्षा किती वेगळे, गाभण किंवा दूध पाजणारी आहे का, धनुर्वाताची लस कधी झाली, गेल्या आठवड्यात चारा, जागा किंवा सोबती बदलला का, काय औषध दिलं किंवा फवारलं, आणि हेच दुखणं याआधी कधी झालं होतं व कुठल्या पायाला, कुठल्या जागी, एवढं कागदावर लिहून मग नंबर लावा.